रात्री पुतळा धुणारा बाप: डॉली पार्टनच्या दोन पुतळ्यांचं प्रकरण

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या पूर्व टोकाला, स्मोकी डोंगरांच्या पायथ्याशी सेव्हिअरव्हिल नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत वस्ती अठरा हजारांच्या आतच भरली. गावाच्या मधोमध १८९६ साली पुरी झालेली काउंटी न्यायालयाची इमारत आहे, तिच्यावर घड्याळाचा मनोरा आहे आणि समोरच्या हिरवळीवर एका खडकावर बसलेली ब्राँझची मुलगी आहे. पाय अनवाणी, जीन्स घोट्यावर दुमडलेली, केस मागे बांधलेले, हातात गिटार आणि तोंडभर हसू.

ही डॉली पार्टन, कंट्री या अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीतातली नामवंत गायिका. मे १९८७ मध्ये हा पुतळा इथे बसवला गेला तेव्हा ती ४१ वर्षांची होती आणि समारंभाला स्वतः हजर होती.

तिच्या दुसऱ्या पुतळ्याची गोष्ट त्यानंतर ३४ वर्षांनी घडली. राज्याची राजधानी नॅशव्हिलमध्ये, विधानभवनाच्या आवारात तिचा पुतळा उभारावा असं विधेयक जानेवारी २०२१ मध्ये मांडलं गेलं. तो पुतळा झाला नाही, कारण तिनेच नको म्हटलं.

बहुतेक जण या दोन घटना वेगवेगळ्या सांगतात. पहिली गावच्या कौतुकाची म्हणून आणि दुसरी तिच्या विनयाची म्हणून. मला हे एकच प्रकरण वाटतं. पुतळा कोण मागतं, कुठे मागतं, त्यात कोणतं रूप घडवतं आणि उद्घाटनाचा मांडव उतरल्यावर त्याची देखभाल कोण करतं, हे चारही प्रश्न या एका बाईच्या बाबतीत इतके उघडे पडतात की स्मारक समितीवर बसणाऱ्या कोणीही ते वाचावेत.

अर्धेलीच्या शेतातली मुलगी

डॉलीचा जन्म १९ जानेवारी १९४६ चा, सेव्हिअर काउंटीतल्या डोंगरातल्या एका लाकडी खोपटात. बारा भावंडांत ती चौथी. वडील रॉबर्ट ली पार्टन दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने शेती करत, पुढे स्वतःच्या तुकड्यावर तंबाखू लावत आणि शेतीत भागत नसे तेव्हा बांधकामावर जात. आई एव्ही ली गाणारी होती, जुन्या डोंगरी गाण्यांचा साठा तिच्यापाशी होता. डॉलीच्या बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांना देण्यापुरते पैसे घरात नव्हते, म्हणून वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. हे ती आयुष्यभर सांगत आली आहे, तेही न लाजता.

आईने चिंध्या जोडून तिच्यासाठी कोट शिवला होता. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात त्याच जातीचं ते काम. शाळेत पोरांनी हसून घेतलं. त्या कोटावरचं तिचं गाणं १९७१ मध्ये आलं आणि स्वतःच्या गाण्यांत ते आपल्याला सगळ्यात जवळचं आहे असं तिने वारंवार सांगितलं आहे.

दहाव्या वर्षी ती नॉक्सव्हिलच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या रेडिओ आणि टीव्ही कार्यक्रमात गायला लागली. १९६४ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिने नॅशव्हिलची बस धरली. १९६७ मध्ये पोर्टर वॅगनर या नावाजलेल्या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात तिला जागा मिळाली. कंट्री संगीतात त्या काळी बाईची जागा ठरलेली असे. कार्यक्रम पुरुषाचा, बाजूला नटूनथटून उभी गाणारी मुलगी. सात वर्षांनी ती जागा तिने सोडली. वॅगनरचा निरोप घेताना वाद वाढू नये म्हणून तिने गाणं लिहिलं, ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’. एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. त्याच्या व्यवस्थापकाने अट घातली की गाण्याचे प्रकाशन हक्क निम्मे आम्हाला द्या. तिने नकार दिला. रात्रभर रडले, पण हक्क सोडले नाहीत, असं ती सांगते. १९९२ मध्ये तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टनने गायलं आणि जगभर गेलं. हक्क तेव्हाही डॉलीकडेच होते.

हा नकार ध्यानात ठेवायला हवा, कारण पुढचा नकार समजून घ्यायला तो लागतो. २०२१ मध्ये तिने पुतळा नको म्हटलं तेव्हा अनेकांनी ‘किती नम्र’ म्हणून माना डोलावल्या. नम्रता असेलच. पण ही बाई पंचविशी-तिशीपासून आपलं काय कोणाच्या हातात द्यायचं आणि काय नाही याचा नीट विचार करत आली आहे.

१९८७: गावाने घडवलेली डॉली

पहिल्या पुतळ्याची वेळ पाहा. त्याच्या एकच वर्ष आधी, १९८६ मध्ये, शेजारच्या पिजन फोर्जमधल्या जुन्या मनोरंजन बागेत डॉली भागीदार झाली आणि बागेचं नाव ‘डॉलीवूड’ झालं. डोंगराळ आणि गरीब मुलूख, तंबाखूशिवाय नगदी पीक जवळजवळ नाही, तरणीताठी पोरं कामासाठी बाहेर. अशा ठिकाणी तिने धंदा आणला. आज डॉलीवूड हा सेव्हिअर काउंटीतला सगळ्यात मोठा रोजगार देणारा उद्योग आहे आणि वर्षाला तीसेक लाख लोक तिथे येतात. म्हणजे १९८७ च्या पुतळ्यात कृतज्ञता होती तशी पर्यटनाची गणितंही असणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. बागेकडे निघालेल्या माणसाला जुन्या गावात थांबायला एक कारण मिळालं.

मला त्यात काही गैर दिसत नाही. पुतळे हेतूंच्या भेसळीतूनच उभे राहतात. भेसळ असूनही पुतळ्यात खरेपणा किती उतरला, हे पाहायला हवं. इथे तो उतरला, त्याचं पहिलं कारण शिल्पकाराने निवडलेलं रूप.

हा पुतळा घडवणारा जिम ग्रे मुळात चित्रकार. स्मोकी डोंगरांची निसर्गचित्रं काढून त्या भागात तो ओळखीचा झाला होता. १९८७ मध्ये डॉली म्हटलं की जगाच्या डोळ्यांसमोर उभा राहायचा तो डोंगराएवढा सोनेरी टोप, चमकणाऱ्या खड्यांचे पोशाख, उंच टाचा आणि लांब नखं. हे रूप तिने स्वतः विचारपूर्वक घडवलं होतं आणि त्यावर तिची हुकमत होती. कोणत्याही शिल्पकाराने तेच घेतलं असतं तर पुतळा ओळखणं सोपं झालं असतं. ग्रेने टोप काढून ठेवला, टाचा काढून ठेवल्या, चौथराही काढून ठेवला. तिला खडकावर बसवलं, जसं डोंगरातली कोणतीही पोर ओढ्याकाठी बसेल. मंचावर तिचा आवाज ऐकलेल्या लोकांना हा पुतळा थोडा अनोळखी वाटतो. गावातल्या लोकांना मात्र ही मुलगी आधीपासून ठाऊक होती.

डॉलीने जगभरचे सन्मान घेतले आहेत. तरी गावातला हा पुतळा आपला सगळ्यात मोठा मान, कारण तो मला ओळखणाऱ्या माणसांकडून आला, असं ती म्हणत आली आहे.

बसलेली मूर्ती म्हणजे नजरेच्या पातळीवरची मूर्ती. माणसं तिच्याशेजारी जाऊन उभी राहतात, खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात, मुलं खडकावर चढतात. आपल्याकडे पुतळा म्हटलं की उंची आधी ठरते आणि चेहरा नंतर. मानेला रग लागेपर्यंत वर पाहिल्याशिवाय चेहरा दिसत नाही असे कितीतरी पुतळे आपण उभे केले. गायकाच्या बाबतीत अडचण आणखी वाढते, कारण गायकाचं जे मोठेपण आहे ते शरीरात दिसत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अयोध्येत लता मंगेशकरांच्या नावाचा चौक झाला, तिथे राम सुतारांनी बाईंची मूर्ती न करता चाळीस फुटी वीणा उभी केली. दोन कलावंतांनी एकाच अडचणीतून काढलेल्या या दोन वाटा. सुतारांनी माणूस बाजूला ठेवून वाद्य आभाळात नेलं, ग्रेने माणूस जमिनीवर बसवून वाद्य तिच्या हाती दिलं. मला दुसरी वाट अधिक जवळची वाटते, ते कदाचित चौकातल्या रहदारीत चाळीस फुटी वस्तूपाशी थांबता येत नाही म्हणूनही असेल.

हयात माणसाचा पुतळा ही गोष्ट आपल्याला खटकते. अशुभ मानतात, आणि ज्यांनी हयातीत स्वतःचे पुतळे उभारून घेतले त्यांच्याविषयी लोक काय बोलतात हेही ठाऊक आहे. कंट्री संगीतातल्या मोठ्या गायिकांनाही स्मारक बहुधा उशिरा मिळालं. पॅट्सी क्लाइन ५ मार्च १९६३ ला विमान अपघातात गेली, वय ३०. तिच्या नावाचा घंटामनोरा व्हर्जिनियातल्या विंचेस्टरजवळच्या दफनभूमीत आहे. लोरेटा लिनचा पुतळा नॅशव्हिलच्या रायमन सभागृहाबाहेर बसला तो ऑक्टोबर २०२० मध्ये, तेव्हा ती ८८ वर्षांची होती. डॉलीला एक्केचाळिशीत, कारकीर्द ऐन भरात असताना हा मान मिळाला. त्यामुळे एक गोष्ट शक्य झाली जी एरवी सहसा होत नाही. पुतळा पाहायला तिचे आईवडील जिवंत होते.

बादली

आता या प्रकरणाचा गाभा.

पुतळा बसल्यावर डॉलीने वडिलांना विचारलं, तुमच्या मुलीचा पुतळा कोर्टासमोर बसला, अभिमान वाटतो ना? ही गोष्ट ती मंचावरून आणि मुलाखतींतून अनेकदा सांगते, शब्द थोडेफार बदलतात. ली पार्टन म्हणाले, तुझ्या चाहत्यांसाठी तू देवी असशील पोरी, पण त्या कबुतरांच्या लेखी तू आणखी एक शौचकूप आहेस, बस्स.

डोंगरी बापाचं कौतुक असंच यायचं. आपल्याकडचे शेतकरी बापही लेकराची पाठ थोपटताना एक टोमणा मारूनच थोपटतात. इतपत गोष्ट असती तर ती हसून विसरून जाण्यासारखी होती.

ली पार्टन २००० च्या नोव्हेंबरमध्ये वारले. त्यानंतर भावंडांपैकी एकाने डॉलीला सांगितलं की बाबा रात्री उशिरा, गावात सामसूम झाल्यावर, ट्रकच्या हौद्यात साबणाचं पाणी भरलेलं पिंप आणि झाडू घालून कोर्टापाशी जायचे आणि तुझ्या पुतळ्यावरची कबुतरांची घाण घासून काढायचे.

त्यांनी हे तिला कधी सांगितलं नव्हतं. ती हे सांगताना दर वेळी गहिवरते आणि मीही ते गहिवरल्याशिवाय लिहू शकत नाही. ज्या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलीबद्दल छापून आलेली एक ओळही ज्याला स्वतः वाचता आली नाही, त्याला मुलीच्या पुतळ्यासाठी करण्यासारखं एक काम सापडलं. अंधारात केलं, कारण दिवसा केलं असतं तर ते दिसलं असतं.

थोडी तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण ती इथे फार नेमकी लागू पडते. कबुतराची विष्ठा आम्लधर्मी असते. ब्राँझवर ती साचून राहिली, वर पाऊस आणि ऊन लागलं, की धातूवरचा संरक्षक थर खायला लागते आणि डाग उमटतात. एकदा उमटले की ते सहज जात नाहीत. उघड्यावरच्या ब्राँझची काळजी घेणारे जाणकार सांगतात ते असं: सौम्य साबणाचं पाणी घ्या, मऊ कुंच्याने धुवा, भरपूर साध्या पाण्याने साबण काढा, वाळू द्या, नंतर मेणाचा पातळ थर द्या. हे ठरावीक काळाने करत राहा. ली पार्टन यांच्या झाडूचे केस किती मऊ होते देव जाणे, मेण तर त्यांच्याकडे नव्हतंच. पण निरक्षर शेतकऱ्याने स्वतःच्या अकलेने जे केलं ते धातुजतनाच्या पहिल्या पायऱ्यांशी जुळणारं होतं.

आमच्या तालुक्याच्या गावात चौकातला पुतळा जयंतीच्या आदल्या दिवशी धुतला जायचा. अग्निशमनचा बंब यायचा, आम्ही पोरं बादल्या घेऊन धावायचो, पाणी अंगावर उडवून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी हार. पुढचे अकरा महिने त्याच्याकडे कावळे आणि कबुतरं पाहायची. ते चित्र आजही बहुतेक गावांत तसंच आहे. काही ठिकाणी ब्राँझवर सरळ सोनेरी ऑइलपेंट फासतात, म्हणजे शिल्पकाराने आणलेली छटा आणि चेहऱ्यावरच्या बारीक रेघा दोन्ही बुजतात. दुग्धाभिषेकाचं दूध सांधीकोपऱ्यांत आंबतं. भक्ती खरी असते याबद्दल मला शंका नाही, त्या बादल्या उचलणाऱ्यांत मी होतो. पण पुतळ्याच्या अंदाजपत्रकात धातू, चौथरा, रोषणाई आणि मांडव यांचे आकडे असतात आणि धुण्याचा रकाना नसतो. सेव्हिअरव्हिलमध्ये तो रकाना काही काळ एका बापाने भरला.

जाता जाता एक योगायोग. सेव्हिअरव्हिलमधून वाहणाऱ्या नदीचं नाव लिटल पिजन, शेजारचं गाव पिजन फोर्ज. ही नावं पडली ती प्रवासी कबुतरांच्या थव्यांवरून. आभाळ झाकून टाकणारे ते थवे माणसाने मारून संपवले आणि त्या जातीचं शेवटचं पाखरू १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. ली पार्टन ज्यांच्याशी झगडत होते ती कबुतरं मात्र शहरी, युरोपातून आलेल्या जातीची. इमारतींच्या कोनाड्यांत राहणारी, कुठेही टिकणारी, आपल्या ओळखीची.

राजधानीला डॉली का हवी होती

आता नॅशव्हिल. टेकडीवरच्या विधानभवनाच्या आवारात घोड्यावरचा अँड्र्यू जॅक्सन आहे, अँड्र्यू जॉन्सन आहे, पहिल्या महायुद्धातला वीर सार्जंट यॉर्क आहे, गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांत पेटलेल्या यादवी युद्धात फाशी गेलेला दक्षिणेचा तरुण हेर सॅम डेव्हिस आहे. ठळक पूर्णाकृती पुतळे सारे पुरुषांचे. आत, इमारतीच्या कोनाड्यांपैकी एकात १९७८ पासून नेथन बेडफर्ड फॉरेस्ट याचा अर्धपुतळा होता. फॉरेस्ट गुलामांचा व्यापारी, दक्षिणेच्या फौजेतला सेनापती आणि कू क्लक्स क्लान या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्या संघटनेचा पहिला म्होरक्या. कृष्णवर्णीय आमदारांना रोज कामाला जाताना त्याच्यासमोरून जावं लागे. तो हलवा, ही मागणी कित्येक वर्षांची.

डिसेंबर २०१९ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एक नेते जेरेमी फेसन यांनी म्हटलं की या आठ कोनाड्यांपैकी सात गोऱ्या पुरुषांनी भरलेले आहेत, एखादी बाई का असू नये, डॉली पार्टन का नको? २०२० च्या उन्हाळ्यात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर देशभर निदर्शनं झाली तेव्हा विधानभवनाच्या आवारातला एडवर्ड कारमॅक या कृष्णवर्णीयांविरुद्ध लिहिणाऱ्या जुन्या संपादक-राजकारण्याचा पुतळा लोकांनी खाली ओढला. त्याच दिवसांत दक्षिणेच्या सेनानींचे पुतळे काढून जागोजाग डॉली बसवा, अशा मागणीपत्रावर हजारोंनी सह्या केल्या.

मग त्या नोव्हेंबरमध्ये बातमी आली की मॉडर्ना कंपनीच्या कोविड लशीच्या संशोधनाला हातभार लावणाऱ्यांत डॉलीचंही नाव आहे. तिने एप्रिल २०२० मध्ये नॅशव्हिलच्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयाला दहा लाख डॉलर दिले होते. लोकांचं प्रेम उतू गेलं. जानेवारी २०२१ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे आमदार जॉन मार्क विंडल यांनी विधेयक मांडलं: विधानभवनाच्या आवारात डॉली पार्टनचा पुतळा, तोंड रायमन सभागृहाकडे, पैसा देणग्यांतून. रायमन म्हणजे ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा साप्ताहिक कार्यक्रम जिथे १९४३ पासून १९७४ पर्यंत चालला ते सभागृह. डॉली १९६९ मध्ये त्या कार्यक्रमाची सदस्य झाली. जागा आणि दिशा दोन्ही विचारपूर्वक निवडलेल्या होत्या.

कागदावर यात दोष काढायला काहीच नाही. दोन्ही पक्षांना चालणारी व्यक्ती, सरकारी तिजोरीवर भार नाही, पुरुषांनी भरलेल्या आवारात एक बाई, आणि बाई तरी कशी, तर १९९५ मध्ये वडिलांच्या निरक्षरतेचं दुःख मनात धरून स्वतःच्या काउंटीतल्या लहान मुलांना दर महिन्याला घरपोच पुस्तक पाठवायला लागलेली. ती योजना २००४ पर्यंत सगळ्या टेनेसीत पोचली, पुढे देशाबाहेर गेली, आणि २०२३ पर्यंत वीस कोटींहून अधिक पुस्तकं वाटून झाली होती. वडील तिच्या तारकापणापेक्षा या कामाने जास्त खूश होते, असं ती सांगते. मुलं तिला ‘पुस्तकवाली बाई’ म्हणतात, ते वडिलांना फार आवडायचं.

तरीही मला हे विधेयक वाचताना कायम अस्वस्थ वाटतं. सेव्हिअरव्हिलला डॉली हवी होती कारण ती त्यांची होती. नॅशव्हिलला ती हवी होती कारण एक जखम झाकायची होती. फॉरेस्टचं काय करायचं या प्रश्नावर राज्य वर्षानुवर्षं चाचरत होतं. डॉलीवर कोणाचाच राग नाही, तेव्हा तिला पुढे करा, म्हणजे वाद गोडीत मिटेल, असा तो विचार. बाईने येऊन घरातलं भांडण हसतमुखाने मिटवावं ही अपेक्षा आपल्याला नवीन नाही.

शिवाय डॉलीचा स्वतःचा इतिहास या बाबतीत अगदी कोरा नव्हता. १९८८ पासून पिजन फोर्जमध्ये चालणाऱ्या तिच्या भोजन-खेळाचं नाव होतं ‘डिक्सी स्टँपीड’. डिक्सी हे गुलामगिरीच्या काळातल्या दक्षिणेचं लाडकं नाव. उत्तर विरुद्ध दक्षिण अशी यादवी युद्धाची लुटुपुटीची चुरस लावून जेवणाऱ्यांची करमणूक करायची, असा तो खेळ. त्या युद्धामागे गुलामगिरी होती, याचा तिथे मागमूस नसे. टीका झाली आणि २०१८ च्या सुरुवातीला नावातून ‘डिक्सी’ काढलं गेलं. हा शब्द लोकांना दुखावतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कळल्यावर मी बदलला, अशा अर्थाचं ती नंतर बोलली. हे मी तिच्यावर खापर फोडायला सांगत नाही. चूक कळल्यावर अडून न बसणं मला मोठंच वाटतं. पण जी व्यक्ती स्वतः शिकत होती, तिला राज्याच्या पापक्षालनाची मूर्ती करायला निघणं तिच्यावरही अन्याय होता आणि ज्यांची जखम होती त्यांच्यावरही.

नकार

१८ फेब्रुवारी २०२१ ला डॉलीने निवेदन काढलं. विधिमंडळाचे आभार मानले, विधेयक पूर्णपणे मागे घ्यावं अशी विनंती केली. जगात सध्या जे चाललं आहे ते पाहता मला चौथऱ्यावर चढवणं आत्ता योग्य वाटत नाही, असं त्यात होतं. पुढे केव्हातरी, काही वर्षांनी, किंवा मी गेल्यावर, तेव्हाही तुम्हाला मी पात्र वाटले तर मी तिथे अभिमानाने उभी राहीन, असंही होतं.

निवेदनाच्या या दुसऱ्या भागाकडे फार कमी लोकांनी पाहिलं. तिने दार लावलं नाही, वेळ नाकारली. महिनाभरापूर्वी वॉशिंग्टनमध्ये जमावाने संसद भवनात घुसून धुडगूस घातला होता. कोविडने रोज हजारो माणसं मरत होती. लशीला पैसे देऊनही तिने स्वतः रांग मोडून लस घेतली नव्हती. आपली पाळी येईपर्यंत थांबली आणि मार्चमध्ये घेतली. अशा दिवसांत स्वतःच्या ब्राँझचं तोंड कोणत्या दिशेला असावं यावर राज्याचं विधिमंडळ वेळ घालवतंय, हे तिला सोसणारं नव्हतं, असं मला वाटतं. दुसरी गोष्ट माझ्या तर्काची. तिने गाण्याचे निम्मे हक्क दिले नव्हते. आपली प्रतिमा कोण कशाला वापरतं याचा तिचा अंदाज पक्का आहे. तिच्या चेहऱ्याआड राज्याला लपता आलं असतं. ती सोय तिने दिली नाही.

विरोधात एक युक्तिवाद होतो आणि तो वजनदार आहे. बायकांचे पुतळे आधीच थोडे, त्यातही जिला मिळतोय तीच नको म्हणते, मग आवारात पुरुषच राहणार. विनय हा बायकांकडून नेहमीच मागितला जातो, मोठ्या बाईने तरी तो मोडायला हवा होता. हे म्हणणाऱ्यांशी मी बराच वेळ मनातल्या मनात भांडलो आहे. माझं उत्तर एवढंच, की या बाईने पुतळा या गोष्टीलाच नकार दिलेला नाही. एक्केचाळिशीत, आपल्या माणसांनी दिलेला पुतळा तिने उघडपणे, आनंदाने, समारंभाला जाऊन घेतला. २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचं नामांकनही तिने आधी नको म्हटलं, आपण रॉक गायलेलं नाही म्हणून. मतदान तरीही झालं, निवड झाली, तेव्हा तिने तो मान घेतला आणि मग खरोखरच रॉक गाण्यांचा एक आल्बम करून दिला. मान घ्यायला ती लाजत नाही. तो कशाबद्दल आहे, एवढं विचारून घेते.

विधेयक बाजूला पडलं. त्याच वर्षी जुलैमध्ये, डॉलीच्या पुतळ्याचा आडोसा न घेता, फॉरेस्टचा अर्धपुतळा विधानभवनातून काढून राज्य संग्रहालयात हलवला गेला. राज्याला जे करायचं होतं ते त्याला अखेर स्वतःच्याच हातांनी करावं लागलं.

सेव्हिअरव्हिलच्या पुतळ्याभोवती या काळात बरंच काही बदललं. नोव्हेंबर २०१६ मध्ये गॅटलिनबर्गकडच्या डोंगरांत वणवा पेटला, चौदा माणसं गेली, दोन हजारांवर घरं आणि इमारती जळाल्या किंवा मोडल्या. ज्यांची घरं गेली त्या प्रत्येक कुटुंबाला डॉलीच्या निधीतून महिन्याला हजार डॉलर सहा महिने मिळायचे होते, शेवटच्या महिन्यात पाच हजार दिले. मार्च २०२५ मध्ये तिचे पती कार्ल डीन वारले, जवळजवळ ५९ वर्षांचा संसार. ती आता ऐंशीच्या घरात आहे. खडकावरची मुलगी मात्र विशीतलीच दिसते, आणि तिच्या पायांशी फोटो काढणाऱ्यांत अशीही मुलं असतात ज्यांना गाणी ठाऊक नसतात, पण घरी टपालाने येणाऱ्या पुस्तकांवरचं नाव ठाऊक असतं. ते नाव त्यांना वाचता येतं.